थोरला वर, पाहुणा खाली

दसरा होऊन पाच दिवस झाले होते. रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम एकोणीस हजार आठशे. हजर माणसे चार: घरमालक, त्यांच्या पत्नी, शेजारचे निवृत्त कंपाउंडर आणि मी. रक्कम अजून कोणाला दिलेली नव्हती. ती पाकिटात घालून कपाटात ठेवली होती, आणि द्यायची की नाही ते त्या दिवशी जेवणाच्या आत ठरायचे होते.

मी तेव्हा नगरला सावेडीच्या बाजूला त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. एका सहकारी बँकेत कॅशियर होतो. आजही आहे, शाखा तेवढी बदलली. घरमालक एकतीस वर्षे एका टॉकीजमध्ये सिनेमाचे यंत्र चालवत होते. टॉकीज पडून तिथे गाड्या लावायची जागा झाली, तरी गल्ली त्यांना ऑपरेटरच म्हणायची. मी काका म्हणायचो आणि त्यांच्या पत्नींना काकू.

ते पैसे एका नव्या डिस्क प्लेअरचे होते. काकांकडे आधीचा एक होता, बारा वर्षांचा, वजनाला साडेचार किलो. त्याचे नाव थोरला. थोरल्याची आतली, डिस्क वाचणारी काच थकली होती आणि कधी कधी चित्र मध्येच चौकोनांत फुटायचे. कापडबाजाराजवळच्या एका दुकानदाराने काकांना नवा प्लेअर तीन रविवारांच्या बोलीवर घरी दिला होता. पसंत पडला तर पैसे, नाही तर यंत्र परत. हा नवा वजनाला दीड किलोसुद्धा नव्हता. घरात राहणार हे अजून ठरले नव्हते म्हणून त्याचे नाव पाहुणा.

दुसऱ्या कोणाला दुकानदाराने असे यंत्र दिले नसते. पण नगरमध्ये घरात मोठा टीव्ही आणि पाच-सहा स्पीकर बसवायचे असले की लोक आधी काकांना गाडीत घालून दुकानात न्यायचे. डॉक्टर, वकील, बिल्डर. काका पैसे घेत नसत. चहासुद्धा तपासणी झाल्यावर. स्वतःची डिस्क ते काकूंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून नेत. दुकानात शिरले की पहिले वाक्य ठरलेले.

"एसी बंद करा. पंखा बंद करा. शटर निम्मं खाली घ्या."

"काका, गिऱ्हाईक येतंय दुकानात," एकदा एका दुकानदाराने म्हणून पाहिले.

"येऊ द्या की. वाकून येईल. लई ताठ गिऱ्हाईक उधारीच मागतंय."

त्यांच्या डिस्कवर एक जुना मराठी सिनेमा होता. त्यातली चारच मिनिटे ते लावत. संध्याकाळची वेळ, एक बाई विहिरीवर पाणी शेंदते आहे. रहाट करकरतो. मागे काळ्या भिंतीला टेकून काळी घोंगडी पांघरलेला एक म्हातारा उभा आहे. बाई घागर कमरेवर घेते आणि निघून जाते. लांब कुठे तरी कुत्रे भुंकते. एवढेच. ही बाई कोण, म्हातारा तिचा कोण, ती पुढे कुठे गेली, हे काकांना विचारले तर म्हणायचे, "मला काय ठाऊक? मी बगितला न्हाई सिनेमा."

आणि ते खरे होते. एकतीस वर्षांत त्यांनी सिनेमा असा बघितलाच नव्हता. ते पडद्याचे कोपरे बघत. मधले चित्र कोणीही सांभाळतो, म्हणायचे, खालचा डावा कोपरा सांभाळतो तो ऑपरेटर. घोंगडी आणि भिंत हे त्यांचे चित्राचे माप होते. "काळ्यात काळं येगळं दिसलं पाहिजे. गोरं तर कुटलंबी यंत्र दाखवतं." आणि आवाजाचे माप कुत्रे. ते म्हणत की कुत्रे दोनदा भुंकते. दुसऱ्यांदा अगदी बारीक, रहाटाच्या आवाजाखाली. हलक्या यंत्रावर ते दुसरे भुंकणे जाते.

मी त्यांच्याकडे राहायला आलो त्या महिन्यात त्यांनी मला खाली बोलावले, ती चार मिनिटे लावली आणि हातात कागद दिला. "कुत्रं कितींदा भुंकलं ते ल्ह्या." माझ्या आधी खोलीत बसलेल्या दोघांनी दोन लिहिले होते. मला एकदाच ऐकू आले. मी एक लिहिले. त्यांनी पुन्हा लावले. मी पुन्हा एक लिहिले. कंपाउंडर माझ्याकडे दया आल्यासारखे बघत होते.

"दोन ऐकू येतंय त्यांना?" मी विचारले.

"त्यांना एकबी ऐकू येत न्हाई," काका म्हणाले. "कंपाउंडर तर झोपला हुता."

"डोळे मिटून ऐकत होतो," कंपाउंडर म्हणाले.

"घोरून ऐकत हुतात."

त्या दिवसापासून यंत्रे बदलायचे काम माझ्याकडे आले. ज्याला दोन ऐकू येत नाही आणि जो दोन लिहीतही नाही, असा माणूस पडद्यामागे पाहिजे, हे त्यांचे म्हणणे.

पद्धत अशी होती. दोन्ही यंत्रे टीव्हीखालच्या फळीवर एकावर एक. दोन्हींत त्याच सिनेमाच्या दोन डिस्का, दोन्हींवर तीच चार मिनिटे फिरून फिरून लागलेली. टीव्ही आणि स्पीकरांकडे जाणारी तार मात्र एकच. ती मी मागून कधी वरच्या यंत्रात लावायची, कधी खालच्या. फळीवरून आणि माझ्यावरून एक जाड चादर टाकलेली, म्हणजे कोणते यंत्र चालू आहे ते समोरच्याला दिसू नये. चादरीतून उजेड दिसतो म्हणून बॅटरी नाही. सगळे बोटांनी चाचपून. सलग दोनदा एकच यंत्र लावायचे असले तरी तार काढून पुन्हा लावायची, नाही तर ऐकणारा ओळखतो. एकूण सहा फेऱ्या, तीन वरच्याच्या, तीन खालच्याच्या. क्रम मी घरी चिठ्ठ्या टाकून ठरवून आणायचा. काका प्रत्येक फेरीला वीस पैकी गुण देत, दहा चित्राला, दहा आवाजाला. म्हणजे एका यंत्राला साठ पैकी. बेरीज माझी.

काकू हातात बांगड्या घालून या खोलीत बसत तेव्हा दोन्ही मनगटांना रुमाल गुंडाळून बसत. "लग्नात सोन्याच्या घालीन म्हनले हुते," त्या मला म्हणायच्या, "आता काचेच्याबी वाजवू देत न्हाईत." काका तिकडे बघायचेसुद्धा नाहीत. पण फेऱ्या संपल्या की पहिला प्रश्न त्यांनाच. "तुला कोंता बरा वाटला?" काकूंचे उत्तर नेहमी एक. "ज्यात ती बाई थकल्यावानी दिसती त्यो." काका हे कागदावर लिहून घेत. त्याला गुण नव्हते, पण लिहून घेत.

काका पाथर्डी तालुक्यातले. आईबाप दरसाल ऊस तोडायला जायचे आणि हे फडाजवळ पाचटाच्या कोपीत राहायचे. त्यांचे कान तिथे तयार झाले असे ते सांगत. पहाटे अंधारात बैलगाड्या निघायच्या, आणि आपली गाडी कोणती ते चाकाच्या आवाजावरून ओळखावे लागायचे. चुकीच्या गाडीत बसलेले पोर दुसऱ्याच फडावर पोचते. "मी एकदाबी चुकलो न्हाई," म्हणायचे. बढाई म्हणून नाही. मी रोकड जुळली म्हणतो तसे.

टॉकीजची एक गोष्ट ते स्वतः सांगत नसत, कंपाउंडर सांगायचे. वीजबिल वाढले म्हणून मालकाने यंत्रातला दिवा मंद ठेवायला सांगितले. काकांनी ठेवला. नोकर माणूस. पण दुपारच्या खेळाआधी त्यांनी तिकीट खिडकीशेजारी खडूने एक पाटी लिहून लावली: 'आज चित्र अंधूक आहे. चालत असेल त्यांनीच तिकीट काढावे.' मालकाने त्यांना संध्याकाळी काढून टाकले. तिसऱ्या दिवशी परत बोलावले, कारण दुसऱ्या माणसाच्या हातून चित्र सारखे पडद्याबाहेर जात होते आणि लोक खुर्च्या फाडत होते.

"परत गेलात तेव्हा मालक काय म्हणाले?" मी एकदा विचारले.

"म्हनले, दिवा मोठा कर आन पाटी कुटं हाय ती दे."

तर तो तिसरा रविवार. पहिल्या रविवारी वरच्याला म्हणजे थोरल्याला साठ पैकी एकोणचाळीस पडले होते, खालच्याला म्हणजे पाहुण्याला सत्तेचाळीस. दुसऱ्या रविवारी चाळीस आणि अठ्ठेचाळीस. थोरला वर, पाहुणा खाली, ही मांडणी काकांचीच. थोरल्याचा मान वरचा, म्हणून. दोन रविवारांनंतर त्यांनी पाकीट भरून ठेवले होते. तिसरा रविवार फक्त नियम म्हणून.

सहा फेऱ्या झाल्या. मी चादरीतून बाहेर आलो, घाम पुसला, चिठ्ठ्यांचा क्रम त्यांच्या कागदाशी लावला आणि बेरीज केली. पुन्हा केली. वरचा सत्तेचाळीस, खालचा अडतीस.

मी आकडे वाचले. काका म्हणाले, "उलटं वाचलं."

"नाही काका. वरचा सत्तेचाळीस."

त्यांनी कागद घेतला. चष्मा घातला. त्यांना बेरीज येत होती. बराच वेळ ते त्या कागदाकडे बघत होते, आणि एवढ्या वेळात मला पहिल्यांदा ते कोपऱ्याकडे नाही तर मधे बघताना दिसले.

"म्हंजी आज मला थोरला चांगला वाटला, आन दोन रविवार पाहुणा."

"यंत्राचा मूड असतो," कंपाउंडर म्हणाले.

"यंत्राला मूड नसतो. कान गेल्यात माझे." मग कागद खाली ठेवून, "कवा गेले कुनाला ठाऊक. किती लोकांना मी काय काय घ्यायला लावलं."

काकू म्हणाल्या, "जेवा आधी." ते जेवले नाहीत.

सोमवारी काकूंनी चादर काढून पाहुणा खोक्यात भरला आणि काकांनी तो रिक्षाने दुकानात परत नेला. तेवढ्यावर ते थांबले असते तर चालले असते. पण त्यानंतर कोणी न्यायला आले तर ते म्हणायचे, "मला आता कळत न्हाई त्यातलं." एक डॉक्टर दोनदा येऊन गेले. दिवाळीत थोरल्यावर काकूंनी क्रोशाचे कापड टाकले आणि वर गणपती ठेवला. रविवारी सकाळी मी सवयीने साडेदहाला खाली उतरायचो. काका पेपर वाचत असायचे. "या कॅशियर, बसा," म्हणायचे, आणि पेपरचे एक पान मला द्यायचे.

माणसाला एक गोष्ट नक्की कळते, आणि त्या एका गोष्टीवर तो बाकीच्या न कळणाऱ्या गोष्टी निभावतो. माझे तसे बेरजेवर आहे. उद्या कोणी मला दाखवून दिले की माझी रोकड कितीतरी वर्षे चुकत होती, तर मी काय करीन ते मला माहीत नाही. म्हणून त्यांचे ते पान पुढे करणे मला बघवत नसे.

आता काका जाऊन दीड वर्ष झाले. मी राहात्याला असतो, स्वतःच्या दोन खोल्यांत. डिस्क कोणी घेत नाही. माझी मुलगी मोबाईलवर सिनेमा बघते, तोही दीडपट वेगाने, भाजी निवडता निवडता. मी तिला काही म्हणत नाही. पण कधी तरी तिच्या मागून बघताना एखादा अंधाराचा प्रसंग येतो, आणि माझी नजर खालच्या डाव्या कोपऱ्यात जाते. तिथे काळ्यात काळे मिसळून गेलेले असते. अशा वेळी मला फार वाटते की कोणी तरी पंखा बंद करा म्हणावे. चार माणसांनी एका खोलीत श्वास धरून चार मिनिटे एकच गोष्ट ऐकावी आणि नंतर तिच्यावरून भांडावे, यात किती सुख होते ते तेव्हा मोजले नाही. सगळ्या फेऱ्यांचे आकडे माझ्याकडे आहेत. ते मात्र कुठे लिहिलेले नाही.

माझी बदली त्या दसऱ्यानंतर सात महिन्यांनी झाली. टेम्पो दारात उभा होता. मी पुस्तकांचे खोके उचलून कपबशांच्या खोक्यावर ठेवत होतो, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "जड खाली ठेवा, भाऊ. हलकं वर. मला तर असलं बगवतच न्हाई. त्या दिवशीबी मीच थोरल्याला खाली घेतला."

"कोणत्या दिवशी?"

"तुमचा त्यो शेवटचा रविवार. फळी पुसायला दोन्ही काढली. एवढं धूड त्या नाजुक यंत्राच्या डोक्यावर कशाला, म्हनून खाली थोरला ठेवला, वर पाहुणा, आन चादर टाकून दिली."

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला थांबायला सांगितले आणि पायरीवर बसलो. त्या रविवारी चादरीखाली चाचपताना वरच्या यंत्राचे भोक मला नेहमीपेक्षा डावीकडे लागले होते. माझ्या बोटांना ते कळले होते. मला वाटले, यंत्र जरा सरकले असेल. मी ते लिहिले नाही.

तिन्ही रविवारांचे कागद वरच्याच पिशवीत होते. नव्याने मांडले. थोरला: एकोणचाळीस, चाळीस, अडतीस. पाहुणा: सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस. चादरीआडून, नाव न कळता, तीन आठवड्यांत दोन गुणांपलीकडे फरक नाही. ज्याचे कान गेले त्याचे आकडे असे येत नाहीत.

मी आत जाऊन काकांना सगळे सांगितले. कागद दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"हिनं सांगितलं तुमाला?"

"हो. आत्ताच."

"चाललात म्हनून मला बरं वाटावं, असं दोघांनी ठरवलं व्हय?"

"काका, मी खोटे आकडे कधी सांगितलेत का?"

"न्हाई. म्हनून तर हिनं तुमाला धरलं." त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या खिशात ठेवली. "माणूस बुडाला की समदे त्याला सांगत्यात, पानी गुडघ्याएवढंच हुतं. जा, टेम्पो खोळंबलाय."

काकू दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. त्यांच्या मनगटांना त्या दिवशी रुमाल नव्हते आणि बांगड्या वाजत होत्या. काकांनी त्यांना गप्प बस असे म्हटले नाही.

राहात्याला आल्यावर मी पहिल्या सुटीला नगरच्या त्या दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, तो प्लेअर दिवाळीतच गेला, पाथर्डीच्या एका फोटोग्राफरने नेला. तसा दुसरा मागवता येईल का विचारले, तर हसला. "आता कोण घेतंय, साहेब? कंपनीनंच पाठवायचं बंद केलंय." मी बिलावरचा यंत्राचा क्रमांक उतरवून घेतला. दुसरे यंत्र चालले नसते. काका म्हणाले असते, हा वेगळा आहे, आणि ते बरोबर असते.

पुढच्या रविवारी एसटीने पाथर्डी. फोटोग्राफरचे दुकान स्टँडपासून जवळ. लग्नाच्या डिस्का गिऱ्हाइकांना लावून दाखवायला त्याने तो घेतला होता. आता लोक पेनड्राइव्ह मागतात, पण यंत्र चांगले म्हणून ठेवले होते. तो बारा हजारांवर अडून बसला. मी क्रमांक ताडून बघितला, डिस्क घालून पंधरा मिनिटे चालवून बघितली आणि पाचशे कमी करायला लावले. पावती मागितली तेव्हा म्हणाला, "जुन्या मालाची कसली पावती?" मी म्हटले, जुन्याचीच हवी. त्याने लग्नाच्या ऑर्डरच्या पुस्तकातले पान फाडून लिहून दिले.

तिथून थेट सावेडी. काका ओट्यावर होते. मी पिशवीतून यंत्र काढून त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी ते उलटे केले, मागच्या बाजूने अंगठा फिरवला.

"ह्यो त्योच हाय."

"तोच आहे. काकू, चादर आणता का? आज तार दुसरं कोणी लावेल. मी समोर बसतो. यंत्रं तुम्ही मांडा, काका."

ते उठले नाहीत. "कुटं मिळाला?"

"पाथर्डीला. फोटोग्राफरकडे."

"किती दिले?"

"अकरा हजार पाचशे."

"तुमच्या खिशातनं?"

"हो." मी पावती दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, मग माझ्याकडे बघितले. नऊ वर्षांत पाणीपट्टीच्या चाळीस रुपयांसाठी मी त्यांना कितीदा पावती मागितली होती ते त्यांना आठवत असावे.

"मला बरं वाटावं म्हनून," ते सावकाश म्हणाले, "तुमी साडेअकरा हजार घालनार न्हाई."

"नाही घालणार."

"म्हंजी हिनं खरंच हलवलं हुतं."

"मी तेच तर सांगतीया भाऊ गेल्यापासनं," आतून काकू म्हणाल्या. "माजं कोन ऐकतं? मी काय कुत्रं हाय?"

काका हसायला लागले. यंत्र मांडीवरून पडेल म्हणून मी हात लावला तरी ते हसत होते, आणि मग चष्मा काढून त्यांनी डोळे बराच वेळ धोतराच्या सोग्याला पुसले. "तीन रविवार," म्हणाले. "एकदाबी चुकलो न्हाई." त्यांनी हाक मारून कंपाउंडरना बोलावले आणि त्यांनाही तेच सांगितले.

पैसे द्यायला ते कपाटाकडे निघाले, तर काकूंनी त्यांना अडवले. चूक ज्यांची पैसे त्यांचे, तुमी मधी पडू नका, म्हणाल्या. त्यांनी डाळीच्या डब्यातून पुडके काढून माझ्यासमोर मोजले. यंत्रे हलवली म्हणून निम्मे त्यांचे. हाताला कळूनही बोललो नाही म्हणून निम्मे माझे. मी मान्य केले, कारण ते बरोबर होते. म्हणून पक्का हिशेब असा: पाथर्डीच्या फोटोग्राफरला अकरा हजार पाचशे रोख, एकरकमी, माझ्या हातून. त्यापैकी पाच हजार सातशे पन्नास काकूंकडून मला, त्याच दिवशी. काकांकडून कोणालाही काही नाही.